प्रश्न वाचकांचे : फोटो काढता येतो, नजर कुठून आणायची?

कलाछायाचित्रणाबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. 'कॅमेरा कुठला घेऊ?' अशी विचारणा करणारी पत्रं बाजूला ठेवली. त्याचं उत्तर दुकानदारही देतो, आणि जास्त उत्साहाने देतो.

प्रश्न : रोज फोनवर शेकडो उत्तम फोटो पाहतो, तरी सुट्टीच्या दिवशी कॅमेरा घेऊन बाहेर पडलो की तेच ते फोटो निघतात. पर्वतीवरचा सूर्योदय, शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा, तुळशीबागेतली गर्दी. प्रेरणा शोधायची कुठे?
— आयटी अभियंता, बावधन

फोनवर एक फोटो डोळ्यांसमोर फार तर दोन-तीन सेकंद राहतो. तेवढ्यात विषय कळतो, पण फोटो बांधला कसा आहे ते कळत नाही. मग बाहेर पडल्यावर हाताशी फक्त विषयच उरतात, आणि पर्वतीवरचा सूर्योदय सगळ्यांचाच असतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण लागू पडतो. आठवड्याला एकच फोटो घ्या. तो मोठ्या पडद्यावर किंवा छापील रूपात २० मिनिटं समोर ठेवा. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीने त्याचा आराखडा तीनच छटांत काढा : काळं, करडं, कोरं. चित्रकला येण्याची गरज नाही, डाग जागेवर पडले की झालं. मग पाच गोष्टी लिहा. उजेड कुठल्या बाजूने येतो? सावलीची कड धारदार आहे की विरघळलेली? कॅमेरा जमिनीपासून किती उंचीवर असावा? चौकटीच्या चारही कडांनी काय काय कापलं आहे? सगळ्यात उजळ जागा नेमकी कुठे आहे? 'छान मूड', 'बोलका चेहरा' असलं काही लिहायचं नाही. त्यातून हाताला काही लागत नाही. बहुतेकांचं अडतं कडांपाशी. नवशिका मधोमध पाहतो आणि कडांना जे येईल ते येऊ देतो. मुरलेल्या माणसाचा फोटो कडांपासून बांधलेला असतो.

सुरुवात कुणापासून करावी? रघुबीर सिंह यांचे अ‍ॅम्बॅसेडर गाडीचे फोटो घ्या. गाडीचं दार, काच, आरसा यांनी एकाच चौकटीचे तीन-चार तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यात वेगळं काही घडत असतं. लक्ष्मी रस्त्यावर रिक्षात बसूनही हा धडा गिरवता येईल. ज्योती भट्ट हे मुळात बडोद्याचे चित्रकार आणि मुद्राचित्रकार, म्हणजे ठशांवरून चित्रं छापणारे. त्यांनी खेड्यांतल्या भिंतीवरच्या चित्रांचे आणि ती काढणाऱ्या माणसांचे फोटो काढले. त्यांत माणूस आणि भिंतीवरची रेघ एकाच पातळीवर कशी आणली आहे ते पाहा. दयानिता सिंग यांना २०२२ मध्ये हॅसलब्लाड हा छायाचित्रणातला मोठा पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे पाहायचं ते एका फोटोशेजारी दुसरा कोणता ठेवला यासाठी. आणि प्रागचे जोसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात त्यांनी उजवा हात गमावला, आणि १९४० पासून पुढे अनेक वर्षं ते आपल्या स्टुडिओच्या एकाच खिडकीचे फोटो काढत राहिले. बाहेर जाऊन विषय मिळत नाही म्हणणाऱ्यांनी आधी ती खिडकी पाहावी.

फोटोंखेरीजही पाहा. केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते एकेक करून बघितले की एकाच वस्तूची किती रूपं होतात ते कळतं. तिथे कॅमेऱ्याऐवजी वही न्या. बालगंधर्व रंगमंदिराच्या आणि घोले रस्त्यावरच्या राजा रविवर्मा कलादालनात चित्रांची प्रदर्शनं सतत बदलत असतात. चित्रकाराने सावलीत कुठला रंग भरला आहे तेवढंच पाहून परत आलात तरी फेरी वसूल. प्रभातच्या काळातले कृष्णधवल मराठी चित्रपट आवाज बंद करून पाहा. चेहऱ्यामागची भिंत किती काळी ठेवली आहे आणि केसांच्या कडेला उजेडाची रेघ कुठून आणली आहे, हे संवाद बंद केल्यावर जास्त दिसतं.

शेवटची गोष्ट म्हणजे विषय अरुंद करा. बर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन जोडप्याने पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे एकाच पद्धतीने टिपले : समोरून, आभाळ ढगाळ असताना, सावली पडू न देता. असे नऊ किंवा पंधरा फोटो शेजारी लागले की साम्यापेक्षा फरक बोलू लागतात. पुण्यात याला तोटा नाही. जिलब्या मारुती, डुल्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, सोन्या मारुती. नुसत्या मारुतींचीच मालिका होईल. एकच लेन्स ठरवा. कॅमेऱ्याचा सेन्सर फुल फ्रेम, म्हणजे जुन्या फिल्मच्या आकाराचा, असेल तर ५० मिमी, लहान असेल तर ३५ मिमी. कॅमेरा दर वेळी छातीच्या उंचीवर आणि लेन्स सरळ समोर धरा. वर झुकवलीत की उभ्या रेषा आत कलतात. पेठांत मागे सरकायला जागा नसते, तिथे लेन्स न बदलता समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून बघा. जून ते सप्टेंबर हा या कामाचा हंगाम, कारण ढगाळ आभाळ आयतंच मिळतं. गाभाऱ्यात कॅमेरा न्यायचा तर पुजाऱ्यांना विचारून. नाही म्हणाले तर बाहेरचा दर्शनी भाग घ्या; मालिकेला तोच जास्त शोभतो.

प्रश्न : 'फाइन आर्ट' फोटो म्हणजे नेमकं काय? स्पर्धेत या गटात माझा फोटो बाद झाला.
— महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कर्वेनगर

बातमीच्या फोटोत काय घडलं ते महत्त्वाचं, लग्नाच्या फोटोत कोण होतं ते. कलाछायाचित्रात काढणाऱ्याने काय ठरवलं ते आधी येतं, विषय त्यानंतर. म्हणून यात एकटा फोटो क्वचितच पुरा पडतो. मालिका, तिचा क्रम, प्रिंटचा आकार आणि कागद हे सगळं मिळून ती कृती होते. स्पर्धांमध्ये मात्र या गटात धुकं, एकुलतं झाड आणि छत्रीवाला माणूस यांची चलती असते. बाद झालात म्हणून फार मनाला लावून घेऊ नका.

प्रश्न : वय ६४. गुडघ्यांमुळे बाहेर हिंडणं जमत नाही. जवळ फक्त मोबाइल आहे. घरात बसून असे फोटो शिकता येतील का?
— गृहिणी, सहकारनगर

जरूर येतील, आणि भाजीच्या टोपलीपासून. एडवर्ड वेस्टन या अमेरिकन छायाचित्रकाराचा १९३० सालचा भोपळी मिरचीचा फोटो जगभर नावाजला आहे. ती मिरची त्याने आडव्या ठेवलेल्या पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवली होती. नरसाळ्याच्या गोल आतल्या बाजूवरून उजेड परतून मिरचीच्या वळणांवर सगळीकडून हलका पसरला. आपल्या घरात हेच काम वापरून मंद झालेलं अॅल्युमिनियमचं पातेलं करेल. चकचकीत स्टील नको. त्यात खिडकी आणि तुम्ही दोघंही दिसाल.

खिडकी उत्तरेकडची असेल तर उत्तम, तिथून सहसा थेट ऊन येत नाही. दुसऱ्या दिशेची असेल तर ऊन सरकल्यानंतरची वेळ निवडा, किंवा काचेला बटर पेपर चिकटपट्टीने लावा. घरातले ट्यूबलाइट बंद करा. ते चालू राहिले तर सावल्यांत वेगळाच हिरवट-पिवळट रंग शिरतो आणि नंतर तो निघत नाही. टेबल खिडकीपासून दोन फुटांवर ठेवा, उजेड बाजूने येईल असं. वस्तूच्या मागे तीन-चार फूट जागा मोकळी सोडा आणि तिथे काळा कार्डशीट किंवा गडद रंगाची साडी टांगा. खिडकीपासून लांब गेलं की उजेड झपाट्याने उतरतो, त्यामुळे मागचं आपोआप काळोखात जातं.

आता खिडकीच्या विरुद्ध बाजूला एकदा पांढरा थर्माकोल उभा करून फोटो घ्या, मग त्याच जागी काळा कार्डशीट ठेवून. पहिल्यात सावली उजळेल, दुसऱ्यात गडद होऊन वस्तूला गोलाई येईल. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिलेत की प्रकाशयोजनेचा अर्धा धडा झाला. भोपळी मिरची, कांदा, लसणाचा गड्डा, शेवग्याच्या शेंगा, पितळी तांब्या या क्रमाने जा. तांब्या शेवटी, कारण चकचकीत वस्तूत समोरचं सगळं उमटतं. अंगात गडद रंगाचे कपडे असू द्या.

मोबाइलबद्दल तीन सूचना. फार जवळ जाऊ नका. फोनची नेहमीची लेन्स रुंद असते आणि जवळून वस्तूचा पुढचा भाग फुगवते. दोन पट झूमवर ठेवून जरा मागे व्हा. पडद्यावर वस्तूवर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि उजेड पक्के होतात. मग बोट खाली सरकवून चित्र थोडं गडद करा. फोन स्वतःहून सगळं उजळ करायला धावतो, आणि काळोख हवा असेल तेव्हा त्याला अडवावं लागतं. फोन डब्याला टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावा, हात हलण्याचा प्रश्नच मिटतो.

एकच वस्तू आठवडाभर ठेवा. मिरची सुरकुततेही, आणि सुरकुतलेली जास्त चांगली दिसते.

प्रश्न : फी भरून कोर्स करणं शक्य नाही. फुकट किंवा स्वस्तात शिकण्याची खात्रीची साधनं सांगाल का?
— कला शाखेचा विद्यार्थी, हडपसर

तंत्र शिकवणाऱ्या चित्रफिती ढिगाने आहेत. त्यांतली एक मालिका पूर्ण पाहा आणि थांबा. शटर, अॅपर्चर, आयएसओ दर वर्षी बदलत नाहीत.

पाहायला शिकवणारं साहित्य त्या मानाने कमी. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टचा कोर्सेरावर छायाचित्रं वाचायला शिकवणारा कोर्स आहे. प्रमाणपत्राशिवाय कितपत पाहता येतं याचे नियम बदलत राहतात, ते नावनोंदणीच्या वेळी वाचा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात १९३५ ते १९४४ या काळात सरकारी मोहिमेत काढलेल्या सुमारे १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह आहेत. त्या मोठ्या आकारात उतरवून घेता येतात, तेही मोफत. यातला खरा ऐवज म्हणजे गाजलेल्या फोटोंच्या आगेमागचे फोटो. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये टिपलेली स्थलांतरित आई सगळ्यांना माहीत आहे. त्याच वेळचे लांबून घेतलेले फोटोही तिथे आहेत. ते शेजारी मांडले की लँग तंबूकडे एकेक पाऊल पुढे येत काय वगळत गेल्या ते दिसतं. एवढं कुठल्याही वर्गात क्वचितच कुणी दाखवतं.

आपल्याकडच्या कामासाठी बेंगळुरूच्या म्यूझियम ऑफ आर्ट अँड फोटोग्राफीचा आणि दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनचा संग्रह पाहा. पहिल्यातलं बरंच काही घरबसल्या पाहता येतं. एकोणिसाव्या शतकातले छायाचित्रकार लाला दीन दयाळ यांच्यापासून सुरुवात करा आणि त्यांनी इमारतीचा कोपरा कसा धरला आहे तिकडे लक्ष द्या.

पडद्यावर पाहून प्रिंटचा अंदाज येत नाही. त्यासाठी मुंबई गाठावी लागते. नरिमन पॉइंटला नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये (एनसीपीए) पिरामल गॅलरी ही फोटोंसाठीचीच गॅलरी आहे. प्रदर्शन चालू आहे ना, एवढी खात्री करून डेक्कन क्वीनने सकाळी जा, संध्याकाळी परत या. प्रिंटसमोर एक हातावर उभे राहा, मग दहा पावलं मागे जा. काळ्या भागात तपशील आहे की नुसता डांबराचा थर, तेवढं तपासा.

पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिचे लघु अभ्यासक्रम अधूनमधून जाहीर होतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांची वार्षिक प्रदर्शनं चुकवू नका. तुमच्याच वयाच्या मुलांनी रचनेचे प्रश्न कसे सोडवले ते तिथे दिसतं.

पुस्तक एकच घ्यायचं तर अॅन्सेल अॅडम्स यांनी कॅमेरा, निगेटिव्ह आणि प्रिंट यांवर तीन स्वतंत्र पुस्तकं लिहिली आहेत, त्यांतलं निगेटिव्हवरचं. डिजिटलवाल्यांनाही ते लागतं. त्यातल्या झोन पद्धतीचा गाभा असा : कॅमेऱ्याचं मीटर ज्यावर रोखाल ते मधल्या करड्या छटेचं करून टाकतं. वाड्याच्या काळ्या लाकडी खांबावर स्पॉट मीटर (लहानशा जागेचाच उजेड मोजणारं) रोखलंत तर खांब करडा येणार. तो काळा, पण लाकडाच्या रेषा दिसतील इतकाच काळा हवा असेल तर मीटर सांगेल त्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या; एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट. पांढऱ्या चुन्याच्या भिंतीवर रोखलंत तर दोन स्टॉप जास्त. हा खांब आणि ही भिंत एकदा करून पाहा, बाकीचं पुस्तक मग सोपं जातं.

प्रश्न : फोटो कृष्णधवल केला की कलात्मक होतो का?
— वाचक, पिंपरी

नाही. उलट बिघडूही शकतो. रंगात उठून दिसणाऱ्या दोन गोष्टी करड्यात एकमेकींत मिसळतात. लाल जास्वंद आणि तिची हिरवी पानं बहुतेक एकाच छटेची होतात. म्हणून नुसता रंग काढून टाकू नका, प्रत्येक रंगाचा स्लायडर वेगळा हलवा. निळ्या भिंतीपुढचा शेंदरी देव उजळ हवा तर नारिंगी वर आणि निळा खाली. निळा फार खाली ओढलात की आभाळात दाणे आणि इमारतींच्या कडेला पांढरी रेघ येते, तिथे थांबायचं.

प्रश्न : मुठेच्या पुलावरून १० स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी गडद काच) लावून पाणी दुधासारखं करायचा प्रयत्न केला. फोटो हलल्यासारखा येतो आणि सगळ्यावर जांभळट झाक येते. फिल्टर सदोष आहे का?
— वाचक, नारायण पेठ

जांभळट झाकेला फिल्टर जबाबदार, हलण्याला पूल. बस गेली की पुलाचा कठडा आणि रस्ता दोन्ही थरथरतात. १५-२० सेकंदांत चार वाहनं गेली तरी बारीक तपशील पुसला जातो. ट्रायपॉड पुलावरून उचलून घाटाच्या दगडी पायरीवर न्या. लेन्स किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बंद करा. तिपाईवर ते कधी कधी स्वतःच हलतं. लेन्सचं छिद्र एफ २२ इतकं लहान करू नका, तिथे विवर्तनाने, म्हणजे उजेड कडांवर पसरून, चित्र मऊ पडतं. एफ ८ ते ११ पुरे.

क्रम असा ठेवा. फिल्टर न लावता चौकट आणि फोकस पक्के करा, फोकस मॅन्युअलवर टाका. शटर किती येतो ते पाहा. समजा १/६० आला; १० स्टॉप म्हणजे १,०२४ पट, म्हणजे साधारण १७ सेकंद. १/३० असेल तर ३४. आता फिल्टर लावा. डीएसएलआर असेल तर डोळ्याच्या खिडकीवर काळी चिकटपट्टी लावा, नाहीतर मागून उजेड शिरून चित्रावर धूसर पट्टा येतो. स्वस्त गडद फिल्टर अवरक्त किरण नीट अडवत नाहीत, त्यातून ती झाक येते. फिल्टर लावलेला असतानाच करड्या कार्डावरून व्हाइट बॅलन्स ठरवा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये काढलं तर उरलेली झाक नंतर निघते.

एक अडचण फिल्टरच्या हातात नाही. उन्हाळ्यात मुठेला वाहतं पाणी जवळजवळ नसतं आणि जलपर्णी एका जागी साचते. दूध होणार कशाचं? खडकवासल्यातून विसर्ग सुरू झाला की पाणी भरपूर येतं, पण तेव्हा भिडे पुलाच्या आणि नदीपात्राच्या आसपास फिरकू नका. पूर ओसरल्यावरचा आठवडा चांगला. शनिवारवाडा किंवा पाताळेश्वरसारख्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत तिपाई लावायला मात्र परवानगी लागते.

प्रश्न : घरी सायनोटाइप (रसायन लावलेल्या कागदावर उन्हात छापलेले निळे फोटो) करून पाहिले. धुताना निळा रंग निम्म्याहून अधिक वाहून जातो. रसायनं खराब असतील का?
— चित्रकला शिक्षिका, वारजे

नव्वद टक्के वेळा कारण एकच असतं : ऊन कमी पडलं. धुण्याआधी प्रिंट बिघडल्यासारखा, जास्त भाजल्यासारखा दिसला पाहिजे. पिवळट-हिरवा थर आधी निळा होतो आणि मग गडद भागांत राखाडी, कांस्यासारखा होतो. निळा झाला म्हणून उचललात की तो पाण्यात जाणारच. पुण्यात मार्च-एप्रिलच्या दुपारी १० मिनिटांच्या आसपास पुरतात, ढगाळ दिवशी तासभरही लागतो. त्याच कागदाची एक पट्टी घ्या, पुठ्ठ्याने झाकून दर तीन मिनिटांनी थोडी थोडी उघडत जा, धुवा, आणि वेळ ठरवा.

प्रमाण ताडून पाहा. पहिलं द्रावण : १०० मिली पाण्यात २५ ग्रॅम हिरवं फेरिक अमोनियम सायट्रेट. दुसरं : १०० मिली पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही वेगळ्या गडद बाटल्यांत ठेवा आणि वापरण्यापुरतीच समप्रमाणात मिसळा. ए४ कागदाला एकूण ३ मिलीच्या आसपास लागतं. पहिल्या द्रावणावर बुरशी येते. ती कापडाने गाळून घेतली तर बहुधा चालतं. ब्रशला लोखंडी पट्टी नको. मंद पिवळ्या बल्बखाली लावा आणि अंधारात पूर्ण कोरडं होऊ द्या. पावसाळ्यात कागद वरून कोरडा वाटतो आणि आत ओलसर राहतो. मग निगेटिव्ह चिकटते आणि रंग पसरतो.

दुसरा संशयित कागद. बरेच कागद टिकावेत म्हणून त्यात चुनखडी घालतात, आणि सायनोटाइपच्या निळ्याला अल्कली सोसत नाही. कागदाच्या कोपऱ्यावर व्हिनेगरचा थेंब टाका. बुडबुडे आले तर तो कागद नको. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचे कागद आणून हीच चाचणी करा. जाड, कापसाच्या लगद्याचा कागद धुण्यात टिकतो. पहिल्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं तर मधल्या छटा राहतात. पाणी पिवळं येणं थांबेपर्यंत धुवा, निदान दहा मिनिटं. साबण किंवा सोडा जवळही आणू नका. खरा गडद निळा एका दिवसाने हवेत खुलतो.

शाळेत करणार असाल म्हणून एवढं लक्षात ठेवा : फेरिसायनाइडचा तीव्र आम्लाशी संबंध येऊ देऊ नका आणि ते तापवू नका, विषारी वायू सुटतो. हातमोजे घाला, आणि भांडी पुन्हा स्वयंपाकघरात जाता कामा नयेत. निगेटिव्ह लेझर प्रिंटरवर काढली असेल तर काळा पुरेसा दाट नसतो आणि पांढरे भागही निळसर होतात. त्याच चित्राच्या दोन फिल्म एकावर एक जुळवून ठेवा.

प्रश्न : लॅबमधून आलेले प्रिंट पडद्यापेक्षा काळपट दिसतात. प्रदर्शनासाठी १२ × १८ इंची प्रिंट करायचे आहेत. बालगंधर्वला लावायचा विचार आहे. २०० फोटोंतून निवडायचे कसे?
— हौशी छायाचित्रकारांचा गट, सिंहगड रस्ता

काळपट येतात कारण पडदा फार उजळ ठेवलेला असतो. पडदा स्वतः उजेड फेकतो, कागदाला खोलीतला उजेड लागतो. कॅलिब्रेशनचं यंत्र मिळालं तर पडदा १०० कँडेला प्रति चौरस मीटरच्या आसपास आणा. नसेल तर पडद्यावर कोरं पान उघडा, शेजारी दिवसाच्या उजेडात पांढरा कागद धरा, आणि दोन्ही सारखे दिसेपर्यंत पडदा मंद करा. बहुतेकांना तो निम्म्यावर आणावा लागतो. मोठी ऑर्डर देण्याआधी एकाच फोटोच्या तीन आवृत्त्या, जशी आहे ती, थोडी उजळ, आणखी उजळ, ४ × ६ आकारात त्याच कागदावर काढून घ्या. लॅबला 'ऑटो करेक्शन नको' असं स्पष्ट सांगा आणि कागदाचं प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) मागा. प्रोफाइल देता येत नसेल तर फाइल एसआरजीबी या सर्वसाधारण रंगपद्धतीत द्या. अॅडोबी आरजीबीतली दिलीत तर रंग मेलेले येतात. मॅट कागदाचा काळा चकचकीत कागदाइतका खोल नसतो, हे धरूनच कागद निवडा. १२ × १८ ला इंचाला ३०० पिक्सेलच्या हिशेबाने ३६०० × ५४०० पिक्सेल लागतात. भिंतीवर टांगायचं म्हणून २४० च्या हिशेबानेही चालतं.

निवड संगणकावर करू नका. दोनशेही फोटोंचे स्वस्त ४ × ६ प्रिंट काढा आणि हॉलच्या फरशीवर पसरा. पहिल्या फेरीत सारखे दिसणारे एकत्र ठेवा आणि प्रत्येक ढिगातून एकच उचला. इथे भांडणं होतात, होऊ द्या. ज्या फोटोसाठी 'तिथे पोचायला किती त्रास झाला' असा युक्तिवाद करावा लागतो, तो बाहेर. उरलेले आठवडाभर घराच्या भिंतीवर टाचून ठेवा. जो रोज दिसूनही नजर अडवतो तो राहील. मग क्रम लावा. शेजारच्या दोन फोटोंमध्ये एक धागा हवा, एखादा आकार, एखादी दिशा किंवा छटा. पण विषय एकच नको. गटाचं प्रदर्शन असेल तर प्रत्येकाला समान संख्या देण्याचा मोह टाळा. ते न्याय्य असतं, पण पाहवत नाही.

कलादालनाच्या तारखा बऱ्याच आधी भरतात, त्यामुळे आधी तारीख मिळवा आणि मग छपाईला हात घाला. तेव्हाच भिंतींची लांबी मोजून आणा. १२ × १८ च्या प्रिंटला चारही बाजूंनी दोन इंची माउंट (भोवतीचा पुठ्ठा) धरलं तर फ्रेम सुमारे १६ × २२ ची होते. दोन फ्रेमींत निदान आठ-दहा इंच सोडा. प्रत्येक फ्रेमचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर ठेवा. वरची कड जुळवत बसू नका, उभे-आडवे फोटो मिसळले की ती जुळतच नाही. माउंट आम्लविरहित घ्या, नाहीतर दोन-तीन वर्षांत कडा पिवळ्या पडतात. काच प्रिंटला टेकता कामा नये. पावसाळ्यात ओल धरून प्रिंट काचेला चिकटतो आणि सोडवताना थर निघून येतो. प्रदर्शन संपल्यावर फ्रेमी ज्या भिंतीला ओल येते तिला टेकवून ठेवू नका. खाली लाकडी पट्टी आणि मागे वारा खेळेल एवढी फट राहू द्या.